मुक्ता, ते फिरतं स्टूल आठवतंय?

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर सगळं सांगितलंस आणि मी नुसती हूं हूं करत राहिले. अपघाताचं ऐकून पोटात खड्डा पडला होताच, पण जास्त टोचलं ते तुझं शेवटचं वाक्य. "आई, मी असते ना, तर हेलिकॉप्टर सरळ धरून ढगातून बाहेर काढलं असतं."

तुझा सीनियर वाचला. पाठीचा मणका मोडलाय, पण वाचला. ढग खाली येत होते म्हणून तोही खाली आला, पुढचं नीट दिसेना म्हणून हळू झाला आणि मग एका क्षणात काचेपुढं नुसतं पांढरं. "मी सरळ चाललो होतो, झाडं बाजूच्या खिडकीतून आली," असं तो म्हणाला ना? रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. तो सबब सांगत नाहीये. त्याला खरंच आपण सरळ आहोत असं वाटत होतं. का, ते मी सांगू शकते, कारण इतकी वर्षं मी माणसांचे कानच तपासत आलेय.

दवाखान्यातलं ते फिरतं स्टूल आठव. तू सात-आठ वर्षांची असशील. तुला वर बसवून डोळे घट्ट मिटायला सांगायचे आणि एकाच गतीनं सावकाश फिरवत राहायचे. कुठल्या बाजूला फिरतेयस ते तू बोटानं दाखवायचीस. थोड्या वेळानं तुझं बोट खाली यायचं. "थांबलीस का गं?" असं विचारायचीस, आणि मी तर फिरवतच असायचे. मग मी खरोखर थांबवलं, की तू ओरडायचीस, "आता उलटं नको फिरवू!" डोळे उघडलेस की खुदकन हसायचीस.

अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यात द्रव असतो. डोकं वळलं की तो द्रव मागे रेंगाळतो आणि त्या ओढीनं आतले सूक्ष्म केस वाकतात. वळण एकसारखं चालू राहिलं तर दहा-वीस सेकंदांत द्रव नलिकेबरोबर फिरू लागतो, केस उभे राहतात आणि कान सांगतो, सगळं स्थिर आहे. सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा हळू वळलं, तर वळलेलं कळतच नाही. त्यात रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला मान खाली घातलीस, तर सगळं जगच उलटंपालटं झाल्यासारखं होतं. एरवी डोळे क्षितिज बघून कानाची चूक सुधारतात. धुक्यात ते क्षितिजच नाहीसं होतं.

हे धाडसाचं किंवा हाताच्या कसबाचं काम नाही, बाळा. 1954 साली इलिनॉय विद्यापीठातल्या एका प्रयोगात 20 वैमानिकांना बाहेरचं काही न दिसता छोटं विमान उडवायला लावलं होतं. फक्त उपकरणांकडे बघून उडवायचं शिक्षण त्यांना नव्हतं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. आणि ते विमान होतं, हात सोडला तरी काही वेळ सरळ जाणारं. तुझ्या हलक्या हेलिकॉप्टरला ऑटोपायलट नाही. सायक्लिकवरचा, म्हणजे दिशा सांभाळणाऱ्या दांड्यावरचा, हात काढण्याची सोय नाही, हे तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंस.

अनुभवानं भागतं म्हणशील, तर 26 जानेवारी 2020 चा कॅलिफोर्नियातल्या कॅलाबसासचा हेलिकॉप्टर अपघात बघ. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची तेरा वर्षांची मुलगी आणि आणखी सात जण त्यात गेले. वैमानिकाच्या गाठीला आठ हजारांवर तास होते, उपकरणांवर उडवण्याचा परवाना होता, हेलिकॉप्टर दोन इंजिनांचं, त्यात काही बिघाडही नव्हता. ढगात शिरल्यावर तो नियंत्रकाला सांगत होता, मी चार हजार फुटांवर चढतोय. हेलिकॉप्टर त्या वेळी डावीकडे वळत खाली येत होतं. मला हे वाचताना स्टूलवरचं तुझं बोटच दिसलं. तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. पोहोचवच म्हणून कुणी दडपण आणल्याचा पुरावा नव्हता, दडपण बहुधा त्यानं स्वतःच स्वतःवर घेतलं होतं. मला भीती वाटते ती याची. तू लहानपणापासून अशीच आहेस, कुणाला शब्द दिला की ताप अंगात घेऊन जाणारी.

म्हणून दोन गोष्टी मागते. इन्स्ट्रक्टरना सांग, बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हुड लावून मला फसवा. डोकं खाली घालायला लावा, हेलिकॉप्टर कसंही कलंडवा आणि मग फक्त समोरच्या उपकरणातल्या कृत्रिम क्षितिजाकडे बघून सावरायला लावा. कान आतून किती जिवाच्या आकांतानं नाही म्हणतो, ते सुरक्षित उंचीवर, शेजारी जाणतं माणूस असताना एकदा अनुभव. पण त्या जोरावर ढगात जाऊ नकोस, ते शिक्षण फक्त चुकून सापडलीस तर बाहेर यायला.

दुसरी गोष्ट, उडण्याआधी आकडे कागदावर लिहून मांडीवर बांध. किती उंचीच्या खाली जायचं नाही, वेग किती कमी करावा लागला की मागे फिरायचं. नेहमीच्या वेगापेक्षा 30 नॉट कमी करावे लागले की तिथंच निर्णय घ्यायचा, असा नियम काही ठिकाणी पाळतात, तो मला पटला. तुझं यान विमानासारखं धावपट्टीचं मिंधं नाही. मागे फिरता येत नसेल तर एखादं मोकळं रान बघ आणि दिसतंय तोवर उतर. लोक जमतील, मालक रागावेल, कुणाची वेळ चुकेल. चुकू दे. "उतरलेय, उशीर होईल" एवढा निरोप मला टाक, कितीही वाजले तरी मी जागी असेन.

शनिवारी उडणार आहेस म्हणालीस. त्याआधी तुझे आकडे मला लिहून पाठव.

तुझी,
आई