तपासणी कुठे करायची, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरचा लेख वाचला. 'नियमित आयएनआर तपासा आणि निर्धास्त राहा' हे चौकटीत, ठळक अक्षरांत. (आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा; फार चढला की रक्तस्रावाची भीती, फार उतरला की गुठळीची.) लेखकमहाशय पुण्या-मुंबईचेच असणार.

आमच्या सौभाग्यवतींच्या हृदयात धातूची झडप आहे. गोळी संध्याकाळी घ्यायची, कारण सकाळी रक्त दिलं की दुपारी रिपोर्ट येतो आणि त्याच दिवशी डोस कमी-जास्त करता येतो, असं शहरातल्या दवाखान्यात समजावलं होतं. छान! आमच्याकडे लॅबवाला सकाळी रक्त घेतो, नमुना दुपारच्या गाडीने सांगलीला जातो आणि आकडा मोबाइलवर येतो रात्री नऊनंतर. तोवर गोळी पोटात. मग रिपोर्ट डॉक्टरांच्या सहायकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि निळ्या खुणा कधी उमटतात ते बघत बसायचं. निर्धास्त.

गेल्या पावसाळ्यात तिला जुलाब झाले. गावातल्या डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल लिहिलं, अंग दुखतंय म्हणून वर डायक्लोफिनॅकही. आयएनआरची वही मी त्यांच्या टेबलावर ठेवली होती. कोणत्या वारी अख्खी गोळी, कोणत्या वारी अर्धी, सगळं तारीखवार. त्यांनी ती न उघडता तिच्यावर बीपीचं मशीन ठेवलं. मेट्रोनिडॅझोलने अ‍ॅसिनोकुमारॉलचा, म्हणजे तिच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा, जोर वाढतो, हे ना त्यांनी सांगितलं, ना मेडिकलवाल्याने. चार-पाच दिवसांत दात घासताना बेसिन लाल. ओट्याचा कोपरा दंडाला निसटता लागला होता, तिथे तळहाताएवढं काळंनिळं. आयएनआर आठच्या पुढे! अ‍ॅडमिट करून, व्हिटॅमिन के देऊन निभावलं. परत आल्यावर तेच डॉक्टर विचारतात, "वहिनी पालक फार खातात का?" पालकाने आयएनआर उतरतो, चढत नाही, हे आता मी त्यांना शिकवायचं?

आणि तुमच्या लेखात तर पालेभाज्या 'वर्ज्य'च करून टाकल्यात. अहो, वर्ज्य नाहीत. रोज जेवढी खाता साधारण तेवढीच खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका, एवढंच पथ्य आहे. आयएनआर सगळ्यांनाच २ ते ३ हवा, हेही चूक. धातूच्या माइट्रल (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेला साधारण २.५ ते ३.५ लागतो. तुमची चौकट वाचून एखाद्याने आपल्या मनाने गोळी कमी केली आणि झडपेवर गुठळी धरली, तर 'दिलगिरी' कितव्या पानावर छापणार?

'तपासणीची कटकट नको तर नव्या गोळ्या घ्या' हे वाक्य तर कमालच. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यातलीच एक, डाबिगॅट्रान, अशा रुग्णांना देऊन पाहिली, तेव्हा गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. ही २०१३ साली प्रसिद्ध झालेली गोष्ट आहे, काल-परवाची नव्हे. ज्यांना त्या गोळ्या चालतात, त्यांनाही किडनीसाठी क्रिएटिनिन बघावंच लागतं.

औषधाचा दुष्परिणाम रुग्णाला स्वतःही सरकारकडे कळवता येतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबर आहे. तो छापायला तुम्हाला जागा नव्हती. लेखाच्या ऐन मधोमध 'गुडघेदुखी मुळापासून' घालवणाऱ्या चूर्णाची पाव पान जाहिरात मात्र मावली. त्या चूर्णात काय घातलंय याचा जाहिरातीत अवाक्षराने उल्लेख नाही. लेख वाचून झाल्यावर आमच्या हिने मला वही आणायला सांगितली आणि जाहिरातीतला नंबर उतरवून घेतला.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(जि. सांगली)