नव्वदीतल्या माणसांना वकिलातीत बोलावू नका: इटलीच्या परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय अंतोनियो तायानी यांस,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची, आता मेलबर्नची. हे पत्र माझ्या शेजारच्या आजोबांसाठी आणि इटलीचं गमावलेलं नागरिकत्व परत मागणाऱ्या त्यांच्या पिढीसाठी लिहिते आहे. आजोबा १९५० च्या दशकात दक्षिण इटलीतल्या कालाब्रियातून बोटीने इथे आले, बोनेगिलाच्या स्थलांतरितांच्या छावणीत राहिले, मग जन्मभर कारखान्यात राबले. उन्हाळ्यात टोमॅटो पिकले की आजही सगळं घर अंगणात जमतं, वर्षभराचा सॉस बाटल्यांत भरला जातो आणि आजोबा आपल्या गावच्या बोलीत सगळ्यांना दटावत असतात. ते इटालियन की ऑस्ट्रेलियन, असं त्या अंगणात कुणी विचारत नाही.

तुमच्या १९१२ च्या कायद्याने मात्र निवड करायला लावली. परदेशात स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलं की इटलीचं जायचं. इथे मत द्यायचं, सरकारी नोकरी धरायची, तर दुसरा मार्ग नव्हता. १६ ऑगस्ट १९९२ पासून दोन्ही ठेवायची मुभा मिळाली, पण आधी गमावलेलं परत मागायची मुदत १९९७ अखेर संपली. आजोबांना ती कळली तेव्हा उशीर झाला होता.

२०२५ च्या ७४ क्रमांकाच्या कायद्याने तुम्ही ही संधी पुन्हा दिलीत: १ जुलै २०२५ ते ३१ डिसेंबर २०२७. त्याच कायद्याने परदेशात जन्मलेल्या पणतवंडांची नागरिकत्वाची वाट अडवली, त्यावरचा वाद वेगळा. या म्हाताऱ्यांना युरोपात नोकरी करायची नाही. त्यांच्या सज्ञान मुलांनाही यातून काही मिळत नाही. जिथे जन्मलो तिथले आहोत, एवढं कागदावर हवं आहे. ही ओढ मला कळते. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा माझा भारतीय पासपोर्ट रद्द झाला. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या) सांगलीला कधीही जाता येतं, मत देता येत नाही.

अडचण आहे ती नागरिकत्व परत हवं अशी घोषणा करायला वकिलातीत स्वतः हजर राहण्याची, आणि २५० युरो शुल्काची. मिल्दुराच्या द्राक्षमळ्यांत आयुष्य घालवलेल्या आजीने पाचशेहून जास्त किलोमीटर प्रवास करून मेलबर्नला यायचं कसं? अनेकजण वृद्धाश्रमात आहेत, काहींना अंथरुणातून उठवत नाही.

म्हणून विनंती आहे. वकिलातीचे अधिकारी मिल्दुरा, शेपर्टन, ग्रिफिथ, इंगम इथल्या इटालियन क्लबांत आणि वृद्धाश्रमांत पाठवा, घोषणा तिथेच नोंदवून घ्या. ऐंशीच्या पुढच्यांना शुल्क माफ करा. आणि हे २०२६ मध्येच सुरू करा, शेवटच्या महिन्यांवर ढकलू नका.

आपली नम्र,
मेलबर्नमधली एक मराठी शेजारीण