उजेडात काढलेल्या एका फिल्मबद्दल

आदरणीय काकांना सादर नमस्कार,

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि मुद्दामच सर्वांसमक्ष लिहिते आहे. घरी पिनहोल कॅमेरा, म्हणजे भिंगाऐवजी बारीक छिद्रातून चित्र उमटवणारा कॅमेरा, बनवण्याच्या खटपटीत असलेल्या आणखी कुणाच्या नजरेस हे पत्र पडले, तर तुम्ही मला दाखवलेल्यातले थोडेफार त्याच्याही पदरी पडेल. ज्यांनी मला आधी वाटेला लावले, त्यांच्या नजरेस पडले तरी माझी काही हरकत नाही.

मी करत होते ती वस्तू काही फार मोठी नव्हती. प्लायवूडची एक पेटी, तिच्या पुढच्या भिंतीत पितळेच्या पातळ पत्र्याला सुईने पाडलेले छिद्र, मागच्या बाजूला ४ × ५ इंचांच्या शीट फिल्मचा, म्हणजे सुट्या पानासारख्या फिल्मचा, होल्डर आणि शटर म्हणून काळ्या टेपची एक पट्टी, एवढाच तो कारभार. डब्याच्या तळाशी फोटोचा कागद चिकटवून केलेल्या कॅमेऱ्यात एक फोटो काढला की पुन्हा अंधारी खोली गाठावी लागते. होल्डरच्या दोन्ही बाजूंना एकेक फिल्म बसते आणि प्रत्येकीवर सरकते झाकण, म्हणजे डार्क स्लाइड असते. त्यामुळे चार होल्डर भरून पिशवीत टाकले की आठ फोटोंची निश्चिंती होते, आणि म्हणूनच मी होल्डरचा हट्ट धरला होता. मात्र धुऊन निघालेल्या प्रत्येक निगेटिव्हच्या एका कडेला काळा पट्टा येत होता. कधी तो बोटभर रुंद असे, कधी अर्धे चित्र गिळून टाकणारा, पण नेहमी त्याच कडेला.

हा पट्टा घेऊन मी ज्यांच्याकडे ज्यांच्याकडे गेले, त्या प्रत्येकाने मला छिद्राबद्दल ऐकवले. एका जाणकारांनी तर पेटीकडे ढुंकूनही न पाहता भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे सूत्र फळ्यावर मांडले. छिद्रापासून फिल्मपर्यंतचे अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला १.९ ने गुणायचे, की छिद्राचा योग्य व्यास मिळतो. त्यांचे गणित अचूक होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. १०० मिमी अंतराला ०.४५ मिमीच्या आसपासचे छिद्र योग्य ठरते, छिद्राचे माप (अंतराला व्यासाने भागून येणारा एफ आकडा) साधारण एफ २२० येते, आणि म्हणून एफ २२ ला जेवढा वेळ लागेल त्याच्या शंभरपट वेळ द्यावा लागतो. माझे छिद्रही तेवढेच होते आणि वेळही मी त्याच हिशेबाने देत होते. मग एकाच कडेला येणाऱ्या काळ्या पट्ट्याचा छिद्राच्या व्यासाशी संबंध काय, असे विचारले तेव्हा त्यांनी मला प्रकाशशास्त्र पुन्हा पहिल्यापासून वाचण्याचा सल्ला दिला. ज्यांनी मला जुने होल्डर ‘एकूण एक तपासलेले’ म्हणून विकले, त्यांनी फिल्मवर खापर फोडले. बाकीच्यांनी हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवून, हा उपद्व्याप हवाच कशाला, असे विचारले. त्यांच्यावर माझा फारसा राग नाही, कारण आपल्याला काही कळते असा आव तरी त्यांनी आणला नव्हता.

तुम्ही मात्र आधी निगेटिव्ह मागितलेत. कॅमेरा कसा केला, छिद्र कशाने पाडले, यातले काहीही न विचारता तुम्ही ती निगेटिव्ह खिडकीशी धरलीत, मग होल्डरवर जशी बसते तशी ठेवून पाहिलीत आणि पट्टा नेमका डार्क स्लाइड ओढण्याच्या टोकाशी येतो हे मला दाखवलेत. त्यानंतर होल्डरच्या त्या टोकाशी जी आडवी, उंच अशी बारीक कड असते, तिच्यावरून माझ्याच अंगठ्याचे नख फिरवायला लावून तुम्ही विचारलेत, “ही इथे कशाला ठेवली असेल?” तो होल्डर मी इतके दिवस हाताळत होते, पण ती कड शोभेची नसून कामाची आहे, हे मला एकाही शहाण्याने सांगितले नव्हते. कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीत तिच्यासाठी खोबण असावी लागते. डार्क स्लाइड ओढताना तिच्याबरोबर होल्डरही ओढला जाऊ पाहतो. कड खोबणीत अडकलेली असेल तर तो जागचा हलत नाही आणि फटीतून येणारा उजेडही त्या वळणावर अडतो. माझ्या पेटीला खोबणच नव्हती, त्यामुळे प्रत्येक फोटोच्या आधी होल्डर केसभर सरकत होता आणि तेवढी फट उजेडाला आत शिरून निगेटिव्हची कड काळी करायला पुरत होती. जाता जाता तुम्ही असेही सांगितलेत की होल्डरच्या पृष्ठभागापासून फिल्म सुमारे ५ मिमी आत बसते, तेव्हा अंतर १०० मिमी हवे असेल तर पेटीची खोली ९५ मिमी धरावी. ‘तपासलेल्या’ होल्डरांपैकी दोहोंच्या तोंडाशी असलेली, उजेड अडवणारी मखमल झिजून गेली होती. ते तुम्ही एक शब्दही न बोलता बाजूला काढून ठेवलेत, आणि त्या न बोलण्यात विक्रेत्याबद्दल जे काही होते ते मला पुरेसे कळले.

एवढ्यावर मी आभार मानून निघाले असते. पण मी होल्डर भरते कशी, ते तुम्हाला पाहायचे होते. मी जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून सराव करते, असे सांगितल्यावर तुम्ही काही न बोलता आतल्या अंधाऱ्या खोलीत गेलात, दार लावून घेतलेत, आणि बाहेर आलात तेव्हा तुमच्या हातात एक फिल्म होती. नवी, कोरी, स्वतःच्या पाकिटातून काढलेली, आणि सरळ उजेडात आणलेली. माझ्या तोंडून “अहो काका, वाया गेली की!” असे निघून गेले. त्यावर तुम्ही म्हणालात, “वाया कशी? आता हिचं हेच काम.”

काका, या पत्राचे खरे कारण ती फिल्म आहे. तोवर मी शीट फिल्म डोळ्यांनी नीट पाहिलेलीच नव्हती, कारण तिची आणि माझी गाठ पडायची ती गडद अंधारात, आणि उजेडात ती दिसायची ती धुऊन निघाल्यावर. तिची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असते, लहान बाजूच्या कोपऱ्याशी खाचा कापलेल्या असतात, आणि त्या खाचा वर उजव्या हाताला आल्या की रसायनाचा थर आपल्याकडे तोंड करून असतो, हे सगळे त्या दिवशी मी पाहून घेतले. होल्डरच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पट्ट्यांखाली ती कशी सरकते, एखाद्या बाजूने वर राहिली तर नखाने कशी उचकटते, हे पुठ्ठ्यावर कधीच कळले नसते, कारण पुठ्ठा फिल्मसारखा वाकत नाही. तुम्ही आधी उघड्या डोळ्यांनी करून घेतलेत, मग डोळे मिटून, मग डोळे मिटून आणि मध्येच बोलण्यात गुंतवून. डार्क स्लाइडच्या पांढऱ्या बाजूवरचे उंचवटे बोटांना लागले की समजायचे, आत कोरी फिल्म आहे. फोटो काढून झाला की काळी बाजू बाहेर करायची. हे नियम मी वाचलेले होते, पण बोटांना ते त्या दिवशी समजले. संध्याकाळपर्यंत त्या फिल्मचा रंग पालटत गेला आणि तुम्ही ती मला सरावासाठी देऊन टाकलीत.

मी एका शिबिरात गेले होते, तिथे पडद्यावर होल्डरची चित्रे दाखवली आणि टेबलावर ठेवलेल्या रिकाम्या होल्डरला हात लावू दिला नाही. असे दोन्ही अनुभव पाठोपाठ आले की माणसांतला फरक फार ठळक दिसतो. ज्ञान हातचे राखून बोलणारे मला पुष्कळ भेटले आणि ज्ञानाचा धबधबा अंगावर सोडणारेही भेटले, परंतु समोरच्याचे नेमके कुठे अडले आहे हे आधी स्वस्थपणे पाहणारी माणसे थोडी असतात, आणि त्यासाठी स्वतःच्या जवळची जपून ठेवलेली वस्तू खर्ची घालून तिचा उल्लेखही न करणारी तर त्याहून थोडी. शीट फिल्म आज किती महाग पडते आणि मिळवायला किती खटपट लागते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सज्जनपणा म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हल्ली हेच येते, आणि त्यात मोठेपणाचा लवलेशही नसतो.

पेटीला खोबण कोरली, होल्डर दाबून धरणारे इलॅस्टिक बदलले, आणि काळा पट्टा नाहीसा झाला. भर उन्हात १०० आयएसओ वेगाच्या, म्हणजे उजेडाला तेवढ्या संवेदनशील असलेल्या, फिल्मला दोनेक सेकंद पुरतात, पण सावलीत हिशेबाने येणारा वेळ वाढवून द्यावा लागतो, कारण लांबलेल्या वेळेत फिल्म आपला वेग राखत नाही, ही तुमची सूचनाही उपयोगी पडली. टपालाने वेगळी पाठवलेली फोटोची प्रत जिन्याची आहे. अगदी पुढ्यातली पायरी आणि वरचे दार दोन्ही सारखीच स्पष्ट आली आहेत, आणि कुंडीतली पाने वाऱ्याने हलल्यामुळे तेवढीच धूसर झाली आहेत. चारही कडा स्वच्छ आहेत. त्या आधी पाहा, चित्र नंतर पाहिलेत तरी चालेल.

त्याच पार्सलात फिल्मचे एक बंद पाकीट आहे. ते परत पाठवू नये, ही विनंती. आता १५० मिमी अंतराची दुसरी पेटी करायला घेतली आहे. तिचे छिद्र ०.५५ मिमीच्या जवळपास जमले आहे आणि लाकूडही कापून तयार आहे, पण मागची चौकट तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी तिला गोंद लावणार नाही. कोणत्या दिवशी आलेले सोयीचे पडेल, तेवढे कळवावे.

आपली कृतज्ञ,
खोबण नसलेल्या पेटीची मालकीण