सूट राहू दे, चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बेळगावातल्या वडगावची. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. ह्यांना नऊ वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे, सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर आहेत. आमच्या घरात किराणा एखादा आठवडा पुढं ढकलता येतो, औषध नाही. गिऱ्हाइकांची मापं ज्या वहीत लिहिते, तिच्याच मागच्या पानांवर औषधांचा हिशेब ठेवते. त्या पानांवरून जे कळलं ते माझ्यासारख्या बायकांपर्यंत आणि आपल्या डॉक्टरांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

बेळगावात आता मेडिकलच्या दारावर १० टक्के, १५ टक्के, कुठं २० टक्के सूट अशा पाट्या दिसतात. सोबत पॉइंट्स असतात, मोबाईल नंबर सांगितला की जमा. मी दोन वर्षं अशाच एका मोठ्या दुकानात जात होते. कोपऱ्यावरचं मेडिकल सोडून, रिक्षाला पैसे घालून. १५ टक्के सूट हजाराच्या वर बिल झालं तरच मिळायची आणि आमचं बिल नऊशेच्या आत-बाहेर. "काकू, आणि शंभरचं कायतरी घ्या की ओ, सूट बसते," असं काउंटरवरचा मुलगा म्हणायचा. मग कधी दुखण्याचा मलम, कधी व्हिटॅमिनच्या गोळ्या. 'एकावर एक मोफत' म्हणून आणलेल्या दोन बाटल्या घरी येऊन उजेडात बघितल्या, तर मुदत संपायला दोनच महिने राहिलेले. पॉइंट साठत साठत ४१२ झाले. ते ५०० झाल्याशिवाय वापरता येत नव्हते, आणि मार्च संपला तसे सगळे गेले. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पॉइंटला रुपया धरला तर ४१२ रुपये म्हणजे माझ्या दोन साध्या ब्लाउजची शिलाई.

पण पॉइंट गेले हे त्यातलं लहान नुकसान. मोठं नुकसान वहीत दिसलं. ह्यांची बीपीची गोळी छापील ११० रुपयांची, १५ टक्के सूट जाऊन साडेत्र्याण्णवला पडायची. मला वाटायचं, साडेसोळा वाचले. एकदा त्या कंपनीची गोळी दुकानात संपली होती म्हणून शेजारणीच्या घरातली स्ट्रिप बघितली. पाठीमागं बारीक अक्षरात तेच नाव, टेल्मिसार्टन ४०, आमच्यासारख्याच पंधरा गोळ्या, कंपनी वेगळी आणि छापील किंमत ६२. तिला सूट एक रुपयाचीही नव्हती, तरी माझ्यापेक्षा साडेएकतीस रुपये कमी. मी दोन वर्षं टक्के मोजत राहिले, रुपये मोजलेच नाहीत.

त्यानंतर दुसरं दुकान धरलं. तिथं दसऱ्याला 'सणाची खास सूट ६ टक्के' होती. माझा मुलगा बी.कॉम.ला आहे, त्यानं बिल हातात घेतलं आणि म्हणाला, आई, ही सूट नाहीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे करासकट ११२ ला मिळणारी स्ट्रिप १०५ ला मिळायला हवी. जुनी किंमत छापलेला माल कंपन्यांनी परत मागवायची गरज नव्हती, पण विकायचा मात्र नव्या दरपत्रकाप्रमाणं. आम्हाला सणाची सूट म्हणून जे दिलं, तो सरकारनं कमी केलेला कर होता. माझ्या हक्काचे पैसे मलाच भेट म्हणून दिले, याचं मला फार वाईट वाटलं. दुकानात जाऊन दरपत्रक दाखवा म्हटलं, तर दाखवलं नाही. दरपत्रक गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं, हा नियमच आहे.

आमच्या नात्यातला एक मुलगा मेडिकलमध्ये कामाला आहे. त्याच्याकडून कळलं, की सरकारनं ज्या औषधांचे दर बांधले आहेत, त्यांत २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानं दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलंय. मग त्यातून २० टक्के सूट कशी निघणार? मोठी सूट बहुतेक अशा मालावर निघते, ज्याची छापील किंमत दुकानाच्या खरेदीपेक्षा कितीतरी वर असते. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला सूट देत नाही म्हणून मी त्याला महाग समजत होते. सासूबाईंना रात्री अकराला ताप चढला तेव्हा शटर उघडून औषध त्यानंच दिलं, पैसे सकाळी द्या म्हणाला. पाच गोळ्या मागितल्या तर पाचच देतो आणि दहाच्या हिशेबानं बरोबर निम्मे पैसे घेतो. सुट्या गोळीला स्ट्रिपच्या हिशेबापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, हाही त्याच आदेशातला नियम आहे. आणि तो स्ट्रिप कापतो ती तारखेच्या दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे मुदत आणि बॅच नंबर शेवटच्या गोळीपर्यंत राहतात. कात्री मीही दिवसभर चालवते. कुठून कापायचं याचा विचार करणारा माणूस मला लगेच ओळखू येतो.

मी त्याला म्हटलं, आता तुम्हीच ६२ वाली द्या. तो म्हणाला, "चिठ्ठीवर कंपनीचं नाव आहे ओ वहिनी, मला माझ्या मनानं बदलता येत नाही." बरोबर आहे त्याचं, कायद्यानंच तशी मनाई आहे. म्हणजे किल्ली डॉक्टरांच्या पेनात आहे. डॉक्टरांनी औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं, असं मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्येच सांगितलंय. आमच्या डॉक्टरांना मी वही दाखवून विचारलं. ते रागावले नाहीत. मूळ नाव लिहून दिलं आणि दोन महिने दर आठवड्याला बीपी बघायला सांगितलं. आकडे वहीत आहेत, बीपी जागेवर आहे. विचारल्याशिवाय कुणी गोळी बदलू नये, हे कळकळीनं सांगते.

आता बीपीची गोळी जनऔषधी केंद्रातून आणते. महिन्याला दोनशेच्या आसपास जात होते, ते चाळीसच्या आत आलेत. ही योजना २००८ पासून आहे, मला कळायला इतकी वर्षं गेली. मे २०२५ मध्ये आपल्या कर्नाटक सरकारनं सरकारी दवाखान्यांच्या आवारातली ही केंद्रं बंद करायचं ठरवलं, वाद हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात गेला. सरकारी दवाखान्यात औषध फुकटच देतो, हे सरकारचं म्हणणं. फुकट मिळालं तर देव पावला. पण ज्या दिवशी ते संपलेलं असतं, त्या दिवशी खेड्यातून आलेल्या बाईला दारातच स्वस्त गोळी मिळायला पाहिजे.

सूट आणि कुपनं सगळीच वाईट, असं मी म्हणत नाही. बहिणीची मुलगी अमेरिकेत आहे. तिथं सीव्हीएससारख्या मोठ्या मेडिकल दुकानात बिलाच्या खाली हातभर लांब कुपनं येतात. कंपनीचं कुपन आणि दुकानाचं कुपन एकाच शाम्पूवर लावून ती बरेच डॉलर वाचवते. पण खरेदीवर दुकान बक्षीस म्हणून जे पैसे देतं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधाला चालत नाहीत, असं ती म्हणाली. हे मला पटलं. सासूबाईंचे डायपर मीही ऑफर बघूनच घेते, चार दुकानांत नगाचा भाव काढून. एका पाकिटात दहा की बारा हे बघितलं की खरी सूट कुठं आहे ते लगेच कळतं. ते माझ्या पसंतीचं सामान आहे. बीपीची गोळी माझ्या पसंतीची नाही, ती घ्यावीच लागते. तिच्यावर पॉइंट, अटी आणि मुदती नकोत.

सीमाभागात याची फार गरज आहे. चंदगड, खानापूरकडची माणसं दवाखान्याला बेळगावात येतात. माझी मावशी चंदगड तालुक्यातली, म्हणजे महाराष्ट्रातली. तिच्या चिठ्ठीवर कंपनीचं जे नाव होतं ते तिच्या गावच्या मेडिकलमध्ये नव्हतं, दवाखान्याखालच्या दुकानात मात्र होतं. दर महिन्याला एसटीचं भाडं आणि अख्खा दिवस एका स्ट्रिपसाठी. छापील किंमत तर दोन्ही राज्यांत एकच.

म्हणून डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, कंपनीचं नाव लिहायचंच असेल तर लिहा, पण शेजारी मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहा. दुकानदारांनी पाटीवर टक्के लिहिताना अटही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहावी, पॉइंट कधी संपणार ते बिलावर छापावं आणि बिल न मागता द्यावं.

गेल्या महिन्यात मावशीबरोबर मी स्वतः गेले आणि डॉक्टरांना एवढंच मागितलं. तिच्या चिठ्ठीवर आता नुसतं टेल्मिसार्टन ४० आहे. गावातच मिळतं.

एक वाचक,
वडगाव, बेळगाव