आई-बाबांना पत्र: सीडर अव्हेन्यूवरचे बर्गर

सेंट पॉल, मिनेसोटा
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आई आणि बाबा यांस,
सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले होते की, "जूनमध्ये आम्ही तिकडे अमेरिकेला आलो म्हणजे तुमच्या गावचे म्हणून आम्हाला काय खायला घालणार?" मी लगेच "बर्गर" असे उत्तर दिले आणि आई हसली, कारण तिच्या मते बर्गर ही काही एखाद्या गावची वस्तू नव्हे, तो पुण्यातही मिळतो आणि आता नगरलाही मिळतो. फोनवर नातवंडांचा गोंधळ चालू होता, त्यामुळे मला नीट समजावून सांगता आले नाही. म्हणून आज चर्चमधून आल्यावर सवडीने लिहायला बसले आहे.

तुमचे येणे नक्की ठरले तेव्हापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, आम्ही दोघे एक शनिवार सोडून एका शनिवारी या जुळ्या शहरांतल्या एकेका साध्या खाणावळीत जाऊन बर्गर खात आलो आहोत. मिसिसिपी नदीच्या एका अंगाला मिनिआपोलिस आणि दुसऱ्या अंगाला आमचे सेंट पॉल. दोन्हीकडे मिळून सात ठिकाणे झाली. बाबांच्या घरखर्चाच्या वहीसारखी एक वही मी त्यासाठी केली आहे. तिच्यात मांस, पाव, चीज, कांदा आणि किंमत असे रकाने आहेत, आणि शेवटच्या रकान्यावर "बाबांना चावेल का" असे लिहिले आहे. जावईबापूंनी सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रकार मागवून पाहावा असे सुचवले होते. पण मग तुलना कशाची कशाशी करायची, असे मी विचारले. त्यामुळे पहिला बर्गर सगळीकडे एकाच तऱ्हेचा मागवायचा आणि दुसरा त्या ठिकाणाची जी ख्याती असेल तो, असा आमचा नियम ठरला.

बर्गर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते, हे मला ठाऊक आहे. १९९६ साली मॅकडोनाल्ड भारतात आले ते गोमांस बाजूला ठेवूनच आले, आणि त्यामुळे आपल्याकडे बर्गर म्हणजे पावात घातलेली बटाट्याची टिक्की किंवा कोंबडीची वडी, असेच समीकरण झाले. इथे नुसते बर्गर म्हटले तर ते मोठ्याच्याच, म्हणजे गाईगुरांच्याच, मांसाचे, आणि दुसरे काही असेल तर त्याचे नाव घेऊन सांगावे लागते. पगाराच्या दिवशी बाबा जो खिमा आणि पाव आणायचे, त्याच्याशी याचे नाते जवळचे आहे, फक्त रीत अगदी उलटी आहे. खिम्यात आले, लसूण, गरम मसाला सगळे मांसात मुरवतात. आईच्या कटलेटमध्ये तर भिजवलेला पाव, अंडे, कोथिंबीर, हिरवी मिरची असे बरेच काही असते आणि त्यामुळेच ते घट्ट धरून राहते. बर्गरच्या वडीत, जिला इथे पॅटी म्हणतात, मांसाखेरीज काहीही घालत नाहीत. मीठसुद्धा आत मिसळत नाहीत, तव्यावर टाकण्याच्या क्षणी वरून भुरभुरवतात, कारण आधी मिसळले तर मांस चिकट होऊन वडी रबरासारखी दाट होते. शंभर भाग खिम्यात साधारण वीस भाग चरबी असावी असा इथला प्रघात आहे. नगरला मिळणारे म्हशीचे मांस याहून बरेच कोरडे असते, म्हणून बाबांना पहिल्या घासाला हे फार मऊ आणि तुपकट वाटेल. आईने कितीही प्रेमाने मसाला घातला असता, तरी या पदार्थात तो खपला नसता, असे मला सात ठिकाणी खाल्ल्यावर वाटते. इथे सगळी चव मांसाच्या खरपूस झालेल्या पृष्ठभागातून येते.

आता या गावचे म्हणून जे सांगायचे आहे ते. मिनिआपोलिसच्या दक्षिण भागात सीडर अव्हेन्यू नावाचा एक लांबलचक, साधासुधा रस्ता आहे. त्याच्यावर पस्तिसाव्या गल्लीच्या कोपऱ्याला 'मॅट्स बार' आहे आणि त्याच रस्त्याने दक्षिणेला तेवीस गल्ल्या ओलांडल्या की 'फाइव्ह-एट क्लब' लागतो, ज्याचे नावच मुळी अठ्ठावन्नाव्या गल्लीवरून पडले आहे. या दोन्ही ठिकाणी पोटात चीज भरलेला बर्गर मिळतो आणि तो पहिल्यांदा आम्हीच केला, असे दोघेही सांगतात. मॅट्स बार १९५४ साली सुरू झाला. तिथली कथा अशी की, एका गिऱ्हाइकाने दोन पॅटींच्या मध्ये चीज घालून द्यायला सांगितले, पहिल्याच घासाला रस ओघळला आणि तोंड पुसता पुसता त्याच्या तोंडून "जूसी लूसी" असे उद्गार निघाले. पाटीवर लिहिताना त्यातले एक इंग्रजी अक्षर गळाले आणि ते तसेच राहिले. फाइव्ह-एट क्लब मात्र ते अक्षर घालून शुद्ध लिहितो. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात बाबांची सारी नोकरी गेली आहे, तेव्हा दोन्ही पाट्या तुम्हाला दाखवायला मी आताच अधीर झाले आहे.

मॅट्स बारमध्ये आम्ही तीनदा गेलो, आणि माझे मन कुठे ओढले गेले आहे हे त्यावरून तुमच्या लक्षात येईल. जागा लहान आणि अंधारी आहे, बाके जुनी आहेत आणि काउंटरच्या मागे एका छोट्या तव्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पॅट्या भाजत असतात. बर्गर ताटलीत येत नाही, मेणकागदात गुंडाळून समोर ठेवतात. आत तव्यावर परतलेला कांदा आणि मुरवलेल्या काकडीच्या चकत्या असतात. बाकी सॅलडचे पान नाही, टोमॅटो नाही, कसलीही सजावट नाही. दोन पातळ पॅट्यांच्या मध्ये चीज ठेवून कडा बोटांनी दाबून बंद करतात, अगदी आई करंजीची कड मिटवते तशा. आत कोंडलेले चीज तव्याच्या आचेने पूर्ण वितळून उकळते, आणि म्हणून तो आणून देणारी बाई प्रत्येकाला बजावून सांगते की, काही मिनिटे थांबल्याशिवाय चावू नका. पहिल्या खेपेस मला धीर धरवला नाही आणि जीभ चांगलीच पोळली. दोन दिवस चहाची चव कळत नव्हती. बाबांना तेव्हा मी हाताने धरून थांबवणार आहे.

हे चीज म्हणजे अमेरिकन चीज, आपल्या अमूलच्या ठोकळ्याचा भाऊच. त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते तापल्यावर फाटत नाही, तेल आणि गोळा वेगळे होत नाहीत, सबंध सॉससारखे वाहते. जुने मुरलेले चेडर चवीला कितीतरी श्रेष्ठ असले, तरी पोटात भरायला हेच लागते, असे माझे मत झाले आहे. २०१४ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा याच बारमध्ये येऊन जूसी लूसी खाऊन गेले. मिनिआपोलिसच्या एका आईने आपल्या घरच्या ओढाताणीबद्दल त्यांना पत्र लिहिले होते, आणि तिला भेटायला ते आले तेव्हा दोघे इथे जेवायला बसले. पत्र लिहिणाऱ्या माणसाला कोणी अशा रीतीने उत्तर द्यावे, ही गोष्ट मला बर्गरहूनही जास्त आवडली आहे.

फाइव्ह-एट क्लबची सुरुवात १९२८ सालची, म्हणजे इथे दारूबंदी होती त्या काळातली; तेव्हा तिथे चोरून दारू मिळत असे. आज ती लेकुरवाळ्या कुटुंबांनी भरलेली, प्रशस्त, उजेडाची खाणावळ आहे. त्यांची पॅटी जाड असते आणि आतले चीज निवडता येते: अमेरिकन, स्विस, निळे (म्हणजे निळ्या बुरशीचे) किंवा मिरची घातलेले. मिरचीचे मी घेऊन पाहिले. तिखट म्हणावे इतके तिखट नाही, पण जिभेला जाग येते. बसायला ही जागा तुम्हा दोघांना अधिक सोयीची आहे, हे वहीत मी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. मात्र जाड पॅटीत मांसाचा आतला मऊ भाग वाढतो आणि खरपूस भाग त्या मानाने कमी होतो, आणि मला तर खरपूसच हवे असते.

आमच्या सेंट पॉलमध्ये 'द नूक' आणि 'ब्लू डोअर पब' या दोन जागा याच जातीच्या बर्गरसाठी प्रसिद्ध आहेत. ब्लू डोअरचा निळ्या चीजचा आणि लसणाचा प्रकार जावईबापूंना सर्वांत जास्त आवडला. निळ्या चीजला जो उग्र वास असतो तो आईला मुळीच सोसणार नाही, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही. नूक ही हॅमलाइन अव्हेन्यूवरची चिमुकली जागा असून तिथे पाव मला सगळ्यांत चांगला वाटला. चांगल्या पावाचे लक्षण असे की, तो रस पिऊन घेतो पण शेवटच्या घासापर्यंत हातात विरघळत नाही. नगरच्या बेकरीतला सकाळचा लादीपाव हे काम उत्तम करील, असे मला दर वेळी वाटते.

एक वाईट अनुभवही सांगते, कारण तुमच्या तब्येतीच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. शहराच्या मध्यभागी एका झगमगीत ठिकाणी आम्ही अठरा डॉलरचा बर्गर मागवला. तो इतका उंच रचलेला होता की मधोमध काडी खुपसून उभा केला होता, आणि तोंडात मावेल असा घास घेणे शक्यच नव्हते. पूर्ण शिजवून द्या असे सांगूनही आत मांस गुलाबी निघाले आणि आम्ही ते परत पाठवले. अखंड मांसाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते बाहेरच्या बाजूला असतात आणि भाजताना मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचे सगळे आत मिसळले जाते, म्हणून आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे, असे इथल्या सरकारी खात्याचे सांगणे आहे. तुमच्या वयाला या बाबतीत सवलत घेता येणार नाही. जिथे तुम्हाला नेईन तिथे मी आधी विचारीन आणि कापून पाहीन, मगच तुमच्यापुढे ठेवीन.

तव्यावर दाबून अगदी पातळ केलेल्या पॅटीचा बर्गरही सध्या सगळीकडे मिळतो. त्याच्या कडा कुरडईसारख्या जाळीदार आणि कुरकुरीत होतात आणि तो मला मनापासून आवडतो. पण बाबांच्या नव्या कवळीला त्या कडा टोचतील, म्हणून शेवटच्या रकान्यात त्याला फुली मारली आहे.

आई, तू मोठ्याचे कधी खाल्ले नाहीस आणि मी तुला आग्रहही करणार नाही. तुझ्यासाठी या राज्याचेच असे काहीतरी मी शोधून ठेवले आहे. इथल्या तळ्यांतून एक रानतांदूळ उगवतो, लांब आणि काळपट. नावात तांदूळ असला तरी ते खरे म्हणजे पाण्यातल्या एका गवताचे बी आहे. इथले मूळचे ओजिब्वे लोक त्याला मनूमिन म्हणतात आणि उन्हाळा सरताना डोंगीत बसून, काठ्यांनी ओंब्या झोडपून तो गोळा करतात. हा शिजवलेला रानतांदूळ घालून केलेली वडी काही खाणावळी बर्गरमध्ये देतात. तिला भाजलेल्या दाण्यासारखा खमंग वास येतो आणि ती चावायला मऊ असते. मी दोन ठिकाणची खाऊन पाहिली. एकीकडे तिच्यात मांसही मिसळलेले होते, म्हणून नीट चौकशी केल्याशिवाय ती तुला देणार नाही. दुसरीकडची तुला आवडेल असे माझे मन सांगते, आणि नाहीच आवडली तर तिथे वॉलाय नावाचा तळ्यातला मासा तळून पावात देतात.

तेव्हा मी असे योजले आहे. एका साध्या वारी दुपारी तीनच्या सुमारास, गर्दी नसताना, बाबांना मॅट्स बारमध्ये न्यायचे. चीज आणि मुरवलेली काकडी दोन्हींत मीठ भरपूर असते, म्हणून एक जूसी लूसी बाबा आणि जावईबापू यांनी अर्धा अर्धा खायचा, काकडी काढून ठेवायची आणि त्या रात्री घरी अळणी वरणभात करायचा. आईने त्या दिवशी नुसते बटाट्याचे फ्राइज खावेत. दुसऱ्या दिवशी आपण तिच्या रानतांदळाच्या बर्गरला जाऊ. फाइव्ह-एटची पाटी येता येता गाडीतूनच पाहू, कारण दोन दिवसांत तीन बर्गर बाबांच्या रक्तदाबाला झेपणार नाहीत.

डॉक्टरांना हे सगळे एकदा विचारून घ्या आणि कवळी अजून हलत असेल तर निघण्यापूर्वी ती बसवून घ्या. परतलेला कांदा बाबांना रात्री बाधतो असे आई मागे म्हणाली होती. तसे अजूनही होत असेल तर तेवढे आवर्जून कळवा, म्हणजे कांदा वेगळा मागवता येईल.

तुमची,
ताई