एका पौंडात गेलेली कंपनी

संपादक महोदय,

कुटुंबांनी चालवलेल्या बांधकाम कंपन्यांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला आणि ब्रिटनची लेंग कंपनी आठवली. १८४८ ला उत्तर इंग्लंडातल्या कंबरलँडमध्ये घरं बांधत सुरुवात केलेलं कुटुंब, पुढे सर जॉन लेंगनी ती इतकी वाढवली की लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या एम-वन मोटरवेचा १९५९ चा पहिला मोठा टप्पा, १९६२ चं कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल ही सगळी कामं त्यांचीच. मुलीकडे गेलो होतो तेव्हा ते कॅथेड्रल बघितलं, शेजारी बॉम्बहल्ल्यात पडलेल्या जुन्या चर्चच्या लाल दगडी भिंती तशाच ठेवल्यात, साइटवर आयुष्य काढलेला माणूस मी, तिथून पाय निघेना. आणि हीच कंपनी कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमात जबर तोट्यात गेली, कमाल रक्कम आधीच बांधून दिलेली अन् खर्च वाढतच गेला, शेवटी २००१ मध्ये बांधकामाचा धंदा रे ओ'रुर्क या दुसऱ्या बांधकाम कंपनीच्या मालकांना एका पौंडाला दिला. एका पौंडाला! फार वाईट वाटतं हो. टेंडर मिळवायला वाट्टेल तसे रेट पाडणाऱ्या आपल्या कॉन्ट्रॅक्टरांनी कृपा करून हे वाचावं. नवीन कंपनीच्या नावात, 'लेंग ओ'रुर्क'मध्ये, लेंग अजून पहिलं आहे, तेवढं तरी ठेवलं त्यांनी.

– एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, पुणे