फर्नेस बदलताना धावून आलेल्यांचे मनापासून आभार

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या ऐन जानेवारीत आमची गॅस फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, कायमची बंद करावी लागली. हीट एक्स्चेंजरला, म्हणजे आतल्या ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला, तडा गेला होता. अशा तड्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो; त्याला ना रंग, ना वास. तपासायला आलेल्या तंत्रज्ञांनी आधी गॅसचा कॉक बंद केला, मग आरसा आणि टॉर्च धरून तो केसाएवढा तडा आम्हाला दाखवला. त्यांचे उपकार विसरणं शक्य नाही.

शेजारच्या आजोबांनी न मागता इलेक्ट्रिक हीटर आणून दिले. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून नळ बारीक धारेने चालू ठेवायला त्यांनीच सांगितलं.

आणि मंडळातले काका! विक्रेता जुन्या मापाचीच, १ लाख बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप; फर्नेसची ताकद त्यात सांगतात) फर्नेस सुचवत होता. काकांनी खिडक्या, भिंती, माळ्यावरचं इन्सुलेशन मोजून ‘मॅन्युअल जे’ या घराला किती उष्णता लागते ते काढायच्या पद्धतीने हिशेब करायला लावला. ६० हजार पुरेशी निघाली. गरजेपेक्षा मोठी फर्नेस सारखी चालू-बंद होते आणि सगळ्या खोल्या एकसमान तापत नाहीत. ८० टक्के कार्यक्षमतेची स्वस्त मिळते, पण इथला हिवाळा लांबलचक, म्हणून ९६ टक्क्यांचीच घ्या, हा आग्रहही त्यांचाच. तिचा धूर पीव्हीसी पाइपने भिंतीतून बाहेर जातो. मग जुन्या चिमणीत एकट्या वॉटर हीटरचाच धूर उरतो आणि त्याच्यापुरती ती फार मोठी पडू शकते; तिला लायनर, म्हणजे आतून बसवायची अरुंद नळी, लागेल का ते विचारा, असं त्यांनी बजावलं. लागलाच.

काका, तुम्हाला नाव छापलेलं आवडत नाही, म्हणून लिहीत नाही. रविवारी जेवायला मात्र यायचंच.